पऱ्हाटीतला चेंडू

अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडच्या पऱ्हाटीचे दिवस पालटले. अकोल्यात, अमरावतीत गोऱ्या आडत्यांची रीघ लागली. त्यातले बरेचसे स्कॉटलंडचे. दिवसभर कापसाच्या गठाणी पाहायच्या आणि ऊन कललं की काठ्या घेऊन माळावर जायचं, हा त्यांचा रिवाज. माळावर लांब लांब अंतरावर, गोट्या खेळताना करतात तशा, आठ गली खणलेल्या असत. काठीनं टोले मारत चेंडू एकेका गलीत घालायचा आणि कमीत कमी टोल्यांत घालेल तो जिंकला. साहेब त्याला गोल्फ म्हणत. लोक गोलप म्हणत आणि पुष्कळदा हसत.

बार्शीटाकळीचा शालिकराम माळी आधी हसणाऱ्यांतलाच होता. पंचविशीतला गडी, घरी बायको माणिकबाई, एक मुलगी आणि विहिरीखालचा वांग्या-मिरच्यांचा मळा. अकोल्याच्या मक्लीश साहेबाच्या बंगल्यावर तो भाजी घालायचा. साहेबानं त्याला माळाची राखण दिली. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर हिरवळ काही टिकेना, म्हणून शालिकरामानं प्रत्येक गलीभोवतीची जमीन चोपून, शेणमातीनं सारवून अंगणासारखी गुळगुळीत केली. साहेब खूश झाला. एक दिवस एक चुकार चेंडू शालिकरामाच्या पायाशी येऊन पडला, तो त्यानं हातातल्या खुरप्याच्या दांड्यानं सहज टोलवून परत पाठवला. चेंडू साहेबाच्या डोक्यावरून पलीकडच्या गलीपाशी जाऊन थांबला. मक्लीश साहेब बराच वेळ त्या दांड्याकडे पाहत राहिला. पुढच्याच आठवड्यात त्यानं शालिकरामाला अमरावतीला नत्थुजीकडं शिकायला धाडलं.

नत्थुजी शेंदूरजनाघाटचा. तरुणपणी एका फौजी साहेबाबरोबर मुंबईला गेला, तिथं बारा वर्षं राहिला आणि हा खेळ त्यातल्या सगळ्या कारागिरीसकट उचलून आला. अमरावतीच्या माळाचा तोच वस्ताद. साहेब लोकांना तोच शिकवायचा, त्यांच्या मोडक्या काठ्या तोच सांधायचा, आणि चेंडूही तोच वळायचा. समुद्रापलीकडून येणारा एक चिवट डिंक कढत पाण्यात मऊ करायचा, तळहातावर झरझर गोल वळायचा, थंड पाण्यात सोडायचा, मग हातोडीनं त्यावर बारीक खाचा पाडायच्या आणि वरून पांढरा रंग द्यायचा. त्या कढत डिंकानं नत्थुजीचे तळहात भाजून भाजून पायाच्या टाचेसारखे झाले होते. काठीसाठी तो मेळघाटातून धामणीचं लाकूड आणवायचा. वाकतं पण मोडत नाही, म्हणून.

पहिला महिनाभर नत्थुजीनं शालिकरामाला चेंडूला हात लावू दिला नाही. नुसतं उभं राहायचं आणि काठी फिरवायची. शालिकराम काठी आवळून धरायचा. नत्थुजीनं एकदा त्याच्या मुठी सोडवल्या आणि म्हणाला, "तू माळी आहेस न? मंग इळ्यावानी धर. इळा आवळून धरला त गवत उपटते, कापत नाई."

तेवढ्या एका वाक्यानं शालिकरामाचा हात बसला. दोन हिवाळे तो नत्थुजीच्या घरी राहिला. नत्थुजीला मूलबाळ नव्हतं. त्याची बायको गोदाबाई शालिकरामाला आपल्या हातानं भाकर वाढायची, तो नको म्हणाला तरी ताटात आणखी एक चतकोर टाकायची. शालिकरामाची मुलगी गावी तापानं आजारी असल्याचा निरोप आला, तेव्हा गोदाबाईनं स्वतःच्या हातानं काढ्याचा पाला बांधून दिला आणि नत्थुजीनं साहेबाची दमणी गाडी मागून आणली.

दुसऱ्या हिवाळ्यात शालिकरामाच्या एक गोष्ट लक्षात आली. नत्थुजी टोला मारायचा, चेंडू उंच जायचा, आणि नत्थुजी चेंडूकडं न पाहता शालिकरामाच्या तोंडाकडं पाहायचा. त्याच्या उजव्या डोळ्यात पडदा धरत होता. डाव्यानं दिसायचं, पण लांबचं पांढुरकं. त्यानं हे फक्त शालिकरामाला सांगितलं. साहेबांना कळलं तर वस्तादकी जाईल, एवढंच तो म्हणाला, आणि मग दोघांत न ठरवताच ठरून गेलं. टोला बसला की शालिकराम हळू आवाजात सांगायचा: बाभळीच्या अलीकडे, दगडाच्या डाव्या अंगाले. नत्थुजी सरळ तिथं चालत जायचा. कुणालाही संशय आला नाही.

शालिकराम अकोल्याला परतला तो तिथला वस्ताद होऊन. साहेब लोक त्याला नावानं हाक मारू लागले. बार्शीटाकळीत जे हसायचे ते आता आपल्या पोराला माळावर लावता येईल का, असं विचारू लागले.

त्याच वर्षी मार्गशीर्षात मुंबईहून एक बडा साहेब कापूस पाहायला आला. मुंबईतल्या एका गोल्फच्या मैदानाचं काम तो पाहायचा आणि त्याला तिथं कायमचा एक वस्ताद हवा होता. राहायला खोली, चेंडू वळायला स्वतंत्र पडवी, आणि शिकवायला मुंबईतले सगळे मोठे लोक. अशा वस्तादासाठी एक शब्दही होता, प्रोफेशनल. शालिकरामानं तो पहिल्यांदाच ऐकला. ज्याचं पोट या खेळावर भरतं तो, असा मक्लीश साहेबानं त्याचा अर्थ सांगितला. अमरावतीकर म्हणाले, आमचा नत्थुजी न्या. अकोलेकर म्हणाले, आमचा शालिकराम. मग दोघांनी अकोल्याच्या माळावर खेळावं, आठ गली दोनदा, आणि जिंकेल त्यानं मुंबईला जावं, असं ठरलं.

नत्थुजी आदल्या दिवशी आला तो गोदाबाईनं दिलेले तिळाचे लाडू घेऊन. शालिकरामाला त्यानं मोकळेपणी सांगितलं की मुंबईला जायची त्याला फार हौस नाही, पण तिथं डोळ्यांचा एक डॉक्टर आहे असं ऐकलंय. शालिकराम म्हणाला, तुम्हीच जिंकाल वस्ताद. आणि तेव्हा तो मनापासून म्हणाला होता.

खेळ दुपारी सुरू झाला. माळाच्या कडेला गाड्या सोडून माणसं बसली होती, कापसाचे आडते, साहेब, त्यांच्या मडमा. चेंडू पडला की शालिकराम नेहमीसारखा हळूच सांगायचा आणि नत्थुजी नेहमीसारखा चालत जायचा. प्रतिस्पर्ध्याला वाट दाखवतोय, हे त्या गर्दीत कुणालाच कळलं नाही. त्या दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पंधरा गली झाल्या तेव्हा दोघं बरोबरीत होते. एकच गल उरली.

शालिकरामाचा टोला बिघडला. चेंडू जेमतेम अर्ध्या वाटेवर, एका खळग्यात जाऊन बसला. नत्थुजीचा टोला मात्र असा बसला की आडत्यांच्या गर्दीतून नुसता हुंकार निघाला. चेंडू ओघळ ओलांडून गेला, पण जरा जास्तच गेला. माळाला लागून एका कास्तकाराची पऱ्हाटी होती. बोंडं फुटली होती, वेचणी अर्धी झाली होती, आणि जमिनीवरही जागोजागी कापूस गळून पडला होता. त्या पांढऱ्यात पांढरा चेंडू शिरला.

शालिकरामानं तो कुठं शिरला ते नीट पाहिलं होतं. पऱ्हाटीच्या तिसऱ्या तासात, म्हणजे तिसऱ्या ओळीत, धुऱ्याच्या बांधापासून आठ-दहा पावलांवर.

नेम असा होता की ठरावीक वेळात चेंडू सापडला नाही तर ती गल गेली. मक्लीश साहेबानं खिशातलं घड्याळ काढलं. काठ्या वाहणारे दोन गडी धुऱ्याच्या या टोकाकडून शोधू लागले. शालिकराम पुढं झाला, कारण आजवर तोच पुढं होत आला होता. तिसऱ्या तासात त्याला चेंडू दिसला. काळ्या जमिनीला पडलेल्या भेगेत अर्धा रुतून बसला होता, गळलेल्या कापसाआड. तिथून तो सहज काढता आला असता, नेमानं बाजूला ठेवून टोला मारता आला असता, आणि नत्थुजी जिंकला असता.

शालिकरामानं त्याच्यावर पाय ठेवला.

आधीपासून काही योजलं नव्हतं. पुढं अनेक वर्षं तो स्वतःला हेच सांगत राहिला, आणि ते खरंही होतं. पण पाय एकदा पडला तो पडला. वहाण माळाच्या कडेला काढून ठेवलेली, पाय अनवाणी. उन्हानं तापलेला चेंडू तळव्याला लागत होता, त्यावरच्या खाचासुद्धा कळत होत्या. दर श्वासाला वाटायचं, आता पाय उचलावा, सापडला म्हणावं, अजून वेळ आहे. साहेबाच्या हातात घड्याळ होतं. वेळ भरपूर होता, तेच वाईट होतं.

तेवढ्यात नत्थुजी धुरा ओलांडून आला. तो नीट तिसऱ्या तासाकडंच वळला. डोळे बारीक करून त्यानं दोन पावलं टाकली आणि विचारलं, "इकडंच पडला न शालिक? मले इकडंच वाटला."

"इकडे नाई वस्ताद," शालिकराम म्हणाला. "तिकडे, त्या बोरीकडे गेला."

नत्थुजी लगेच वळला आणि बोरीकडं गेला. वाकून, गुडघ्यांवर बसून, हातानं कापूस चाचपत शोधू लागला. तो तसा शोधत असतानाच साहेबानं घड्याळ मिटलं. शालिकरामानं टाचेनं चेंडू भेगेत दाबला आणि ढेकूळ सारून तो बाहेर आला.

अमरावतीचे साहेब चिडले. पुन्हा शोधा म्हणाले. नत्थुजीनंच त्यांना थांबवलं. सगळ्यांसमोर तो म्हणाला की शालिकरामानं शोधला आणि सापडला नाही, म्हणजे तो तिथं नाहीच. मग त्यानं शालिकरामाच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "माह्या डोयाचंच संपलं बाप्पा. आता तूच खेळ."

दुसऱ्या दिवशी वेचणीला आलेली तानुबाई तो चेंडू घेऊन शालिकरामाकडं आली. काल तुम्ही उभे दिसलात तिथंच मिळाला, असं तिनं सांगितलं. तिच्या बोलण्यात दुसरा काही अर्थ नव्हता, तिला खेळातलं काही कळतही नव्हतं. शालिकरामानं चेंडू घेतला, तिच्याशी धड बोललासुद्धा नाही, आणि मोर्णा नदीच्या डोहात टाकून दिला.

मुंबईत त्याचं चांगलं चाललं. चांगलं म्हणजे फारच चांगलं. सकाळी चेंडू वळायचे, दुपारी काठ्या, ऊन कललं की शिकवणी. न्यायाधीश, कप्तान, पेढीवाले, सगळे त्याच्यासमोर पाय जुळवून उभे राहायचे आणि तो त्यांच्या मुठी सोडवायचा. विळ्याचं उदाहरण त्यांना द्यायला गेला की त्याची जीभ अडखळायची, म्हणून त्यानं ते देणंच सोडलं. कुणाचा चेंडू झुडपात हरवला की शालिकराम गुडघ्यांवर रांगत शोधायचा, सापडल्याशिवाय उठायचा नाही. साहेब लोक एकमेकांना सांगायचे की असा इमानी माणूस आपण पाहिला नाही. ते इमानी हा शब्द वापरायचे आणि शालिकरामाच्या कानशिलापर्यंत आग जायची. त्यांना वाटायचं, लाजतोय.

अमरावतीच्या खबरा अधूनमधून येत. नत्थुजीनं माळावर जाणं सोडलं. काठ्याही करत नाही. डोळे पार गेले म्हणतात. प्रत्येक खबरेबरोबर शालिकराम ठरवायचा की या होळीला जाऊ, आणि होळीला ठरवायचा की दिवाळीला जाऊ.

शेवटी त्यानं माणिकबाईला सांगितलं. ती मुंबईच्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती. सगळं ऐकेपर्यंत तिचे हात थांबले नाहीत. ती रागावेल, रडेल किंवा निदान झालं ते झालं म्हणेल, अशी त्याची अपेक्षा होती. यातलं काही म्हणाली असती तरी त्याचं भागलं असतं.

"हे मले काहून सांगून राहिले तुमी?" ती म्हणाली. "मी थोडीच हारली होती?"

तोवर अमेरिकेतली लढाई संपली होती. कापसाचा भाव कोसळला, आडते आले तसे गेले. मक्लीश साहेबही विलायतेला परतला होता. शालिकराम रजा घेऊन निघाला. आगगाडी जिथवर आली होती तिथवर आगगाडीनं आणि पुढं बैलगाडीनं तो अमरावतीला पोचला, तेव्हा दुपार टळली होती.

दार गोदाबाईनं उघडलं. तिला आनंद झाला. तो आत येण्याआधीच तिनं चुलीवर आधण ठेवलं. मग पाणी देता देता हलक्या आवाजात सांगू लागली. डोळे म्हणावे तर पार गेलेले नाहीत, डाव्यानं अजून दिसतं, वैदूही तसंच म्हणाला. पण अकोल्याहून आल्यापासून यांचा त्या डोळ्यावरचा भरवसाच उडालाय. समोरचा लोटा दिसत असतो, तरी मला विचारतात, तिथंच आहे न? अंगणातून विहिरीवर जायचं तर माझा हात धरून जातात. काठ्या कोरायचं सोडलं, का तर रेघ दिसते ती खरी आहे की नाही कोण जाणे.

शालिकरामानं पाण्याचा लोटा तसाच खाली ठेवला.

नत्थुजी मागच्या पडवीत बाजेवर बसला होता. पावलांवरूनच त्यानं ओळखलं आणि मुंबईच्या गोष्टी विचारू लागला. शालिकराम बाजेवर बसला नाही. खाली जमिनीवर बसला आणि मान वर न करता त्यानं सगळं सांगितलं. तिसरा तास, भेग, पाय, घड्याळ. काहीच वगळलं नाही.

नत्थुजीनं पहिलीच गोष्ट विचारली, "धुऱ्यापासून किती पावलं?"

"आठ-दहा."

"मी तिकडंच वळलो होतो."

"हो वस्ताद."

"म्हंजे मले दिसला होता." नत्थुजीचा आवाज चढला नाही. "मले बराबर दिसला होता. अन् दोन वर्सं मी माह्याच घरात भिंत चाचपत फिरून राहिलो."

दाराशी गोदाबाई उभी होती. तिनं किती ऐकलं ते तिच्या तोंडावरून कळत होतं. ती आत गेली. थोड्या वेळानं तिनं ताट आणून शालिकरामापुढं ठेवलं, कारण दारी आलेल्याला उपाशी घालवायची त्या घरात रीत नव्हती. पण भाकरीची टोपली तिनं शेजारी ठेवून दिली आणि निघून गेली. हवी तर आपली आपण घ्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजीनं त्याला सांगितलं की हे ज्यांच्यापुढं जिंकलास त्यांच्यापुढं बोल. अमरावतीत त्या वेळचा एकच साहेब उरला होता, त्याच्या बंगल्यावर दोघं गेले. शालिकरामानं त्याच्यासमोर उभं राहून सगळं पुन्हा सांगितलं. आता नोकरी जाईल, कदाचित चाबूकही बसेल, याची त्यानं मनाची तयारी केली होती. खरं तर तो त्याचीच वाट पाहत होता.

साहेब आधी गोंधळला, मग हसला. त्याच्या आठवणीत तो सामना होता खरा, पण कोण जिंकलं हे त्याला नीट आठवत नव्हतं. एवढ्या लांबून एवढ्याशा गोष्टीसाठी आलास, असं म्हणून त्यानं शालिकरामाची पाठ थोपटली. विलायतेतही माणसं चेंडू पायानं सारतात, वर तोंड करून बोलतात, तू तर निदान कबूल केलंस, असं म्हणाला. नत्थुजीकडं त्यानं पाहिलंही नाही. मग घोडा तयार झाला आणि तो निघून गेला.

ते हसणं शालिकरामाला चाबकापेक्षा झोंबलं. चाबूक बसता तर निदान त्या म्हाताऱ्याचं काही गेलं होतं, एवढं तरी ठरलं असतं.

फाटकाबाहेर आल्यावर शालिकरामानं सवयीनं हात पुढं केला. येताना नत्थुजी त्याच हाताला धरून आला होता. नत्थुजीनं तो हात बाजूला सारला.

"मले दिसते," तो म्हणाला, आणि एकटाच रस्त्यानं चालू लागला. पहिली काही पावलं चाचरत पडली. पुढं समोरून बैलगाडी आली, तेव्हा तो आपला आपण कडेला झाला, गाडी गेल्यावर पुन्हा रस्त्यावर आला आणि वळणावरून दिसेनासा झाला. शालिकराम फाटकाशीच उभा राहिला. मागं जावं की नाही, हे त्याला कळेना. तो गेला नाही.

मुंबईला परतल्यावर त्यानं बड्या साहेबालाही सांगितलं. त्याच्या दृष्टीनं तो वऱ्हाडातला जुना मामला होता. शालिकराम कामाचा माणूस होता, म्हणून नोकरी राहिली. तो पुढं बरीच वर्षं त्या मैदानाचा प्रोफेशनल होता. शिकवायचा, काठ्या करायचा, चेंडू वळायचा, पण लोक पाहायला जमतील असा सामना परत कधी खेळला नाही. कुणाकडं शिकलास असं विचारलं की नत्थुजीचं नाव गावासकट सांगायचा. लोक त्याला गुरुभक्त म्हणायचे. तेही त्याला ऐकून घ्यावं लागायचं. नत्थुजी पुन्हा काठ्या कोरू लागल्याचं त्याच्या कानावर आलं, तेव्हा त्यानं धामणीच्या दांड्यांची एक मोळी अमरावतीला धाडली. ती गेली तशीच परत आली.

पुढं चार वर्षांनी त्याच्या मुलीचं लग्न बार्शीटाकळीला निघालं. अमरावतीला बोलावणं त्यानं स्वतः न जाता भावकीतल्या एका जाणत्या माणसाबरोबर धाडलं. कुणी येईल असं त्याला वाटलं नव्हतं. हळदीच्या दिवशी गोदाबाई गाडीतून उतरली, एकटीच. नत्थुजीचा निरोप तिनं आणला नव्हता आणि शालिकरामानं विचारला नाही. ती माणिकबाईजवळ बसली, मुलीच्या अंगाला हळद लावली, पंगतीत जेवली आणि लग्न लागल्यावर दुसऱ्या दिवशी निघाली.

ती गाडीत बसण्याआधी शालिकराम तिच्या पायांवर वाकला. तिनं पाय मागं घेतले नाहीत. डोक्यावर हातही ठेवला नाही. तो उठला तेव्हा ती गाडीवानाला विचारत होती की दिवस मावळायच्या आत मूर्तिजापूर गाठेल का, आणि मग शालिकरामाकडं वळून, बोचकं जरा वर उचलून दे, म्हणाली. त्यानं ते उचलून दिलं.